हश्मत तलावाच्या बांधावर

"मी पण येतो आज फिरायला," बुटाची नाडी बांधता बांधता शेषेराव म्हणाले, तशी सिंधु दारातून माघारी वळली.

"तुम्ही? आज कशाला? थंडी लई हाय बाहेर."

"डॉक्टरनं चाल म्हणून सांगितलंय. तू रोज कानीकपाळी ओरडून राहिलीस. आता येतो म्हणलं तर थंडी हाय?"

त्यांचं खरंच होतं. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तिनंच त्यांच्यामागं लकडा लावला होता. पण एरवी रविवारी उन्हं अंगणात येईपर्यंत अंथरुण न सोडणाऱ्या या माणसाला चालायची बुद्धी आजच व्हावी? सिंधुनं गुडघा दुखतोय म्हणून बघितलं, पाहुणे येतील म्हणून बघितलं. शेषेराव दारात काठी घेऊन उभेच राहिले. शेवटी तिनं साडीवर स्वेटर चढवला आणि ती मुकाट त्यांच्यामागं निघाली.

लातूरच्या एका अंगाला नव्या कॉलन्या जिथं संपतात, तिथं हश्मत तलावाचं जंगल लागतं. निजामाच्या काळात कुण्या तालुकदारानं बांधून घेतलेला हा तलाव. काळ्या दगडाचा लांबलचक बांध, बांधाच्या मधोमध पाणी सोडायचा बुरूज आणि भोवती कडुनिंब, पळस, चिंचांची दाटी. शहर वाढत वाढत चारी बाजूंनी जंगलाला येऊन भिडलं, तेव्हा वनखात्यानं तारेचं कुंपण घातलं, पायवाटा आखल्या आणि दोन बाजूंना दोन फाटकं केली. सिंधु अलीकडच्या फाटकातून आत शिरायची. पलीकडच्या फाटकातून महामाया गजभारे यायच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. त्या उलट्या अंगानं फेरी घालायच्या. म्हणून रोज दोघींची गाठ पडायचीच.

या महामायाबाई म्हणजे सिंधुची विहीण. पण तसं म्हणायची सोय नव्हती.

सिंधुच्या ऋतुजानं महामायाबाईंच्या रविकांतशी कचेरीत जाऊन लग्न केलं, त्या दिवशी शेषेरावांनी निलंग्याकडच्या आपल्या गावात भावकी गोळा केली. गजभारे मूळचे देगलूरचे, बौद्ध. पोरगा इंजिनियर, पोरगी इंजिनियर, दोघं एकाच कंपनीत हैदराबादला. शेषेरावांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. सगळ्यांदेखत ते म्हणाले होते, "माझी लेक मेली. आणि समोर आलीच तर माझ्या हातून काय होईल, ते माझं मला ठाऊक न्हाई." हे दुसरं वाक्य सिंधुच्या काळजात रुतून बसलं होतं. नवऱ्यानं कधी तिच्यावर हात उचलला नव्हता. पण बैठकीत ते बोलताना त्यांच्या मानेची शीर कशी ताठली होती, ते तिनं माजघराच्या दारातून बघितलं होतं.

तलावावर पहिल्यांदा महामायाबाई समोरून आल्या तेव्हा सिंधुनं मान फिरवून पाण्याकडं बघितलं. पुढं कितीतरी महिने असंच चाललं. मग एका सकाळी बाजूनं जाता जाता, पाऊल न थांबवता त्या बाई म्हणाल्या, "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत." आणि निघून गेल्या. आपण आजी झालो हे सिंधुला असं कळलं. ती पुढच्या बाकड्यावर जाऊन बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

तेव्हापासून रोज एक वाक्य. "नाव सम्यका ठेवलं." "दात आला." "आता रांगायली." सिंधु कधी उत्तर द्यायची नाही. फक्त चाल जरा हळू करायची. आणि काल महामायाबाई म्हणाल्या होत्या, "दोघी आल्यात. उद्या सकाळी घेऊन येते इथं."

रात्रभर सिंधुला डोळ्याला डोळा लागला नव्हता. नातीला नुसतं बघायचं, लांबून बघायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. आणि आता शेषेराव तिच्या पुढं काठी टेकत चालले होते.

"झ्याक केलंय की सगळं," फाटकातून आत शिरताच ते म्हणाले. पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी दव पडलेलं गवत, कडुनिंबावर पोपटांचा कालवा. शेषेराव खुशीत होते. "आमच्या लहानपणी इथं कोल्हे असायचे म्हणतात. तू रोज एवढं चालतीस?"

"हाव."

"बोलंना कामून? बरं वाटंना का?"

"डोकं धरलंय थोडं. आपण या चिंचेपासून माघारी फिरू. पहिल्या दिवशी लई चालायचं नसतं."

"अगं, आत्ता तर आलोत."

तिनं पुन्हा प्रयत्न केला. जंगलातून जाणाऱ्या आखूड वाटेकडं बोट दाखवून म्हणाली, तिकडं मोर असतात, तिकडून जाऊ. पण शेषेरावांना बांध बघायचा होता. निजामाच्या काळचं काम कसं चुन्यात केलेलं असतं, ते सांगत सांगत ते बांधाच्या पायऱ्या चढले. सिंधुला मागून जावंच लागलं.

बांधावर चढलं की मग मध्ये उतरायला जागा नाही. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खोल उतार आणि खाली जंगल. वाट दोन माणसं शेजारी चालतील एवढी. सिंधुनं डोळे ताणून पलीकडं बघितलं. बुरुजाजवळ काही पोरं दिसत होती. लग्नाआधीचे फोटो काढायला आजकाल अशी जोडपी येतात तसलंच एक जोडपं. नवरीचा लालभडक झगा, त्याला मागं जोडायचं लांबलचक कापड एका पोरानं दोन्ही हातांत धरलेलं. फोटोवाला त्याला ओरडून सांगत होता, "उडव, अजून वर उडव!"

आणि त्यांच्या पलीकडं, बांधाच्या त्या टोकाच्या पायऱ्या चढून महामायाबाई येत होत्या. शेजारी निळी ओढणी. छातीशी काहीतरी बांधलेलं.

सिंधु थांबली.

"काय झालं?" शेषेरावांनी विचारलं.

"गुडघा. बसावं वाटतंय. चला, माघारी चला ना."

शेषेरावांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. लांबचं त्यांना धूसर दिसायचं. ते सिंधुला हात द्यायला वळले, आणि वळता वळता त्यांची नजर पलीकडं गेली. चेहरा काही त्यांना दिसला नसणार. पण ऋतुजा लहानपणापासून डावा खांदा जरा पुढं काढून चालायची. ती चाल बापाला ओळखू आली.

त्यांचा हात हवेतच राहिला.

"ती कोण हाय?"

सिंधुनं त्यांची बाही धरली.

"मी विचारून राहिलो, ती कोण हाय?" आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता, आणि म्हणूनच सिंधुला जास्त भीती वाटली. "तुला ठाऊक होतं. म्हणून सकाळपासून मला माघारी फिरवून राहिलीस."

"ओ, तुमच्या पाया पडते. आपण जाऊ इथून. तिनं बघितलं न्हाई अजून."

"मी कामून जाऊ? मी काय चोरी केली?" असं म्हणून ते चालायला लागले. काठी आता टेकत नव्हते, मधोमध मुठीत धरली होती. सिंधु धावत त्यांच्या पुढं गेली, आडवी झाली. त्यांनी तिला बाजूला सारलं. ढकललं नाही, पण अशा जोरानं सारलं की ती पाण्याच्या बाजूच्या कठड्याला जाऊन टेकली. ती पुन्हा मागं लागली.

ऋतुजानं एव्हाना ओळखलं होतं. ती बुरुजापाशी थांबली. महामायाबाई तिच्या कानात काहीतरी बोलल्या, बहुतेक माघारी फिर म्हणाल्या असतील. ऋतुजा हलली नाही. तिनं लेकराच्या डोक्यावर हात ठेवला आणि बापाची वाट बघत उभी राहिली.

त्या बुरुजाच्या कमानीखाली आग्या माश्यांची मोहळं होती. सुपाएवढी काळी पोळी दगडाला लोंबत असायची. वनखात्यानं तिथं फलकच लावला होता, गोंगाट करू नका, धूर करू नका. रोजचे फिरणारे तेवढ्या जागी आवाज न करता पुढं सटकायचे. सिंधुला हे सगळं माहीत होतं. पण त्या घडीला तिचं सगळं ध्यान नवऱ्याच्या काठीवर होतं.

"इथं यायची हिंमत कशी झाली तुझी?" शेषेराव म्हणाले. बाप-लेकीत आता चार पावलांचं अंतर राहिलं होतं.

"फिरायला आले, अण्णा." ऋतुजाची नजर खाली गेली नव्हती. "हा रस्ता सगळ्यांचा हाय."

"तोंड वर करून बोलतीस?"

"दादा, लेकरू हाय तिच्यापाशी," महामायाबाई मध्ये येत म्हणाल्या. "जे बोलायचं ते माझ्याशी बोला."

"तुमच्याशी माझं काय नातं हाय, बाई?"

सिंधु पोचली आणि तिनं मागून काठी धरली. दोन्ही हातांनी धरली. शेषेरावांनी हिसका दिला, तिनं सोडली नाही. ओढणीतून दोन काळेभोर डोळे बाहेर डोकावले. नातीला सिंधु पहिल्यांदा बघत होती, आणि अशी बघत होती.

तेवढ्यात फोटोवाल्यानं कुणाला तरी हाक दिली, "पेटव रे!" आणि बुरुजाखालून गुलाबी धुराचा लोट वर आला. फोटोत रंग यावा म्हणून त्या पोरांनी धुराची नळकांडी पेटवली होती. एक गुलाबी, एक पिवळं. वारा नव्हता. धूर सरळ कमानीत शिरला.

आधी आवाज आला. लांबून ट्रॅक्टर यावा तसा. मग तो आवाज त्यांच्या डोक्यावर होता.

"माश्या!" महामायाबाई ओरडल्या. "पळा!"

कमानीतून काळा ढग फुटला. पोरं किंकाळ्या मारत सुटली. नवरीनं झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि ती पायऱ्यांकडं धावली, फोटोवाला कॅमेरा टाकून तिच्या मागं. शेषेरावांनी काठी सोडली, सिंधुचं मनगट पकडलं आणि आल्या वाटेनं तिला ओढायला लागले. "चल! चल लवकर!" तिच्या कपाळावर, मानेवर निखारे टेकवावेत तशा माश्या बसल्या. ती त्यांच्याबरोबर धावली. दहा-पंधरा पावलं तरी धावली असेल. मग मागं ऋतुजाची हाक आली.

"आई!"

सिंधुनं वळून बघितलं. बांधाच्या दोन दगडांमधल्या फटीत पाय अडकून ऋतुजा गुडघ्यांवर पडली होती. लेकराला पोटाशी घेऊन ती वाकली होती, आणि महामायाबाई हातानं तिच्या डोक्यावरच्या माश्या झाडत होत्या.

"चल म्हणतो ना!" शेषेराव ओरडले.

सिंधुनं मनगट हिसकून सोडवलं. शेषेरावांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं. त्यांच्या पापणीवर एक माशी बसली. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते पळाले.

सिंधु उलटी धावली. वाटेत ते लाल कापड पडलं होतं, पोरानं टाकून दिलेलं. तिनं ते उचललं, ओढत ओढत नेलं आणि ऋतुजावर टाकलं. महामायाबाईंना हाताला धरून आत घेतलं आणि स्वतःही आत शिरून सगळ्यांच्या वर पालथी पडली.

"कडा दाबा," महामायाबाई आतून म्हणाल्या. "खाली फट राहू देऊ नका. अन् हलू नका कुणी. हललं की जास्त येतात."

कापड पातळ होतं. वरून माश्या त्यातूनच डंख मारत होत्या, पाठीवर, दंडावर, डोक्यात. स्वेटरचा तेवढा आडोसा झाला. कडा दाबून धरलेली बोटं मात्र उघडीच होती. सिंधुला वाटायचं, आता हात काढावा, आता काढलाच. ती दात आवळून धरून राहिली. आत लाल उजेड होता, चौघींचे श्वास आणि लेकराचं रडणं. सम्यका रडता रडता लाथा झाडत होती. तिचा मोजा घातलेला पाय सिंधुच्या गालावर आपटत होता.

"आई, तू जा," ऋतुजा म्हणाली. "तुला शुगर हाय. जा तू."

"गप पड."

"अण्णा कुठं हायत?"

"गेले."

वरती घोंगावणं वाढायचं, जरा कमी व्हायचं, पुन्हा वाढायचं. सिंधुचे ओठ जड झाले. घशात काहीतरी दाटून आल्यासारखं झालं, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. महामायाबाईंनी ते ऐकलं. पडल्या पडल्याच त्यांनी सिंधुची मान चाचपली आणि म्हणाल्या, "विहीणबाई, माझ्याकडं तोंड करा. हळूहळू श्वास घ्या. माझ्यासंगं घ्या. झोपू नका."

सिंधुला हो म्हणायचं होतं. जीभ वळत नव्हती. तिनं त्या बाईचा हात घट्ट धरला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर नाकात शिरला आणि माणसांचे आवाज आले. वनरक्षक व्यंकटी आणि त्याच्या दोन माणसांनी अंगावर घोंगड्या घेतल्या होत्या, हातात धुमसत्या पाल्याच्या पाट्या होत्या. त्यांनी चौघींना घोंगड्यांखाली घेऊन पायऱ्यांपर्यंत आणलं. ऋतुजाला एकानं खांद्याचा आधार दिला. सिंधुला उचलूनच न्यावं लागलं.

जीपमध्ये व्यंकटी मागं वळून वळून बोलत होता. "बरं झालं, ते मालक वेळेवर आले. आमच्या चौकीत धावत आले बघा, तोंड ही एवढं सुजलेलं. 'माझी लेक अडकलीय बांधावर, माझी लेक,' एवढंच बोंबलत होते. कुठं, कोण, काही धड सांगता येईना."

ऋतुजा खिडकीबाहेर बघत होती. तिनं ऐकलं की नाही, ते सिंधुला कळलं नाही.

दवाखान्यात सिंधुला लगेच इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर महामायाबाईंना म्हणाले. ते सिंधुनं डोळे मिटल्या मिटल्या ऐकलं. दुपारी तिला बसता आलं. आरशात बघू नका म्हणून परिचारिकेनं आधीच सांगून ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवर ऋतुजा होती, घोट्याला पट्टी बांधलेली, आणि तिच्या कुशीत सम्यका झोपलेली. लेकराला एकच डंख लागला होता, कानाच्या पाळीला. कान लाल होऊन भज्यासारखा फुगला होता.

सिंधुचा थोरला पोरगा हरिओम आला तो दारातच घुटमळला. बहिणीकडं बघावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी भाचीकडं बघून तो म्हणाला, "आई, सुट्टी देत असतील तर घरी चल. अण्णा बाहेर बसलेत."

"आत का न्हाई आले?"

"काय की. डॉक्टरनं त्यांना तपासलं, गोळ्या दिल्या. तवापासून बाकड्यावर बसून हायत. बोलंनात कुणाशी."

सिंधु भिंतीला धरून बाहेर आली. शेषेराव व्हरांड्याच्या टोकाला बसले होते. डावा डोळा सुजून पूर्ण मिटला होता. काठी नव्हती, म्हणून हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. ती शेजारी बसली.

"मी पळालो," ते म्हणाले.

"मला पण पळावंच वाटलं होतं."

"तू न्हाई पळालीस."

त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलायची तिला आयुष्यभराची सवय होती. आज ती सवय कामाला येत नव्हती.

"मी आज इथंच राहते," ती म्हणाली. "उद्या तिला सासूच्या घरी सोडते, मग येते. अन् आता मी तिच्याकडं जात जाईन. तुम्हाला विचारून न्हाई, सांगून जाईन."

"भावकीत काय सांगू मी?"

"ते तुम्ही बघा."

शेषेरावांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "लहानीला लई चावल्या का?"

"एकच. कानाला."

त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावला. उठले मात्र नाहीत. आत येऊ का, असंही विचारलं नाही. सिंधुनं क्षणभर वाट बघितली आणि ती माघारी खोलीत आली.

ऋतुजा जागी होती. "गेले अण्णा?"

"न्हाई. बाहेर बसलेत." सिंधु खाटेच्या कडेवर टेकली. "बोलवू का त्यांना?"

ऋतुजानं लेकीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. सुजलेल्या ओठांनी, पण स्पष्ट बोलली, "त्यांनी गावाला सांगितलंय मी मेले म्हणून. आज चौकीत लेक म्हणले, ते मी जीपमध्ये ऐकलं. पण आजच्या आज माझ्याच्यानं न्हाई होणार, आई. बसायचं तर बसू दे."

सिंधुच्या ओठावर आलं होतं, बाप हाय गं तुझा. ते तिनं गिळलं. इतके दिवस तिला वाटत होतं, सगळं अडलंय ते त्या एका माणसापाशी. त्यानं हो म्हटलं की झालं. लेकीलाही नाही म्हणता येतं, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

महामायाबाई हातात चिमटा घेऊन आल्या. "या विहीणबाई, उजेडात बसा. केसांत अजून काटे राहिलेत तुमच्या."

सिंधु खिडकीपाशी जाऊन बसली. केस मोकळे सोडून तिनं मान पुढं केली. चिमटा टाळूला लागला तशी ती कळवळली, पण हलली नाही. खाली रस्त्यावर ऑटोंचे भोंगे चालले होते. व्हरांड्यातून शेषेरावांचा खोकला ऐकू आला. ऋतुजानं दाराकडं बघितलं, आणि मग कूस बदलून लेकराला ओढणीखाली घेतलं.